मनिंगल

करोनामुळे विमानं बंद झाली आणि तीन महिन्यांसाठी मुलीकडे नेदरलँड्समध्ये डीमनला आलेले अरुणराव तिथेच अडकले. पुण्यात तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेला माणूस, स्वस्थ बसवेना. शेजारच्या बाल्कनीतल्या हार्तिनीबाई इंडोनेशियाच्या. मोडक्या इंग्रजीत ओळख झाली आणि चहाच्या वेळी बाईंच्या भाषेचे धडे सुरू झाले.

"तुलिस म्हणजे लिहिणं," बाई म्हणाल्या. "मी पत्र लिहिते तेव्हा मनुलिस. पत्र लिहिलं जातं तेव्हा दितुलिस."

"म्हणजे 'म' लागला की कर्ता पुढे, 'दि' लागला की कर्म!" अरुणराव खुलले. 'म' लागला की 'त' जाऊन 'न' येतो, हेही त्यांनी वहीत टिपलं. पुढचा शब्द होता तिंगल, म्हणजे राहणं.

बाईंचे यजमान वृद्धाश्रमात होते आणि भेटायला बंदी होती. मे महिन्यात एका सकाळी बाई कठडा धरून उभ्या दिसल्या. "सुआमी मनिंगल," त्या स्वतःच्याच भाषेत म्हणाल्या.

सुआमी म्हणजे नवरा, हे अरुणरावांना ठाऊक होतं. नवरा राहतोय, असा त्यांनी नियमाने अर्थ लावला. "वा! छान!"

बाईंनी मान हलवली. "नाही हो. मनिंगल म्हणजे वारले."

अरुणरावांची मान शरमेने वर होईना. त्यांनी हात जोडले.

"नियम तुम्ही बरोबर लावलात," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "शब्दच तसा आहे."

मग बाई आपल्याच भाषेत नवऱ्याबद्दल बोलत राहिल्या, अरुणराव आपल्या बाल्कनीतून ऐकत राहिले. मधे त्यांनी एकही शब्द अडवून विचारला नाही.