पुढच्या कडेचे धागे

दिवाकर पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत सलायचा. उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये आम्ही दोघं कामाला होतो. शेडचे मालक शेखरभैया तिथं जागेवरून सरळ वर उठणारं, एकट्या माणसाचं विमान बनवत होते आणि ते उडवणार होतो मी. विमानाच्या पंखांत आडवे बसवलेले मोठे फॅन त्याला वर उचलणार. ते वाऱ्यात नीट चालतात का, हे पत्र्याच्या लांबलचक बोगद्यात तपासायचं काम दिवाकरचं.

माणूस भारी तुसडा. चहाला बोलावलं तर म्हणायचा, "काम नाही का तुले?" विश्वकर्मापूजेला आम्ही फॅनला झेंडूची माळ घातली, ती त्यानं ओढून कचऱ्यात टाकली. इकडे माझ्या आईनं आमच्या अख्ख्या गुढियारी मोहल्ल्याला सांगून ठेवलेलं, पोट्टा विमान उडवणार म्हणून.

विमान घेणारे पाहुणे आले त्या दिवशी दिवाकरनं बोगद्यात टांगलेल्या पंखातल्या फॅनच्या तोंडाभोवती लोकरीचे धागे चिकटवले. फॅन सुरू होताच सगळे धागे आत ओढले गेले. टाळ्या पडल्या. मग त्यानं समोरून वारा सोडला. वारा वाढला तसे पुढच्या कडेचे धागे उलटे फिरून फडफडू लागले आणि टांगलेला पंख पुढून वर उचलला गेला.

"हवा आत वळून नाही राहिली," दिवाकर पाहुण्यांसमोरच म्हणाला. "हे वर उठंल, पण पुढं जायला लागलं का उलटंल. माणूस नाही बसवायचा."

शेखरभैयांनी समजावलं, मग दम दिला. मी तर त्याची कॉलरच धरली. माझ्या अन्नात माती कालवत होता तो.

"बसवायचंच असंल तर रेतीचं पोतं बसवा," तो म्हणाला. "मंग पाहू."

शेवटी पोतंच बसवलं, माझ्या वजनाचं. माझी बायको कौमुदीही मैदानावर बघायला आली होती. विमान झकास वर उठलं, जरा पुढं सरकलं, नाक वर करून उलटलं आणि पालथं आदळलं. माझ्या सीटवरची रेती मैदानभर पसरली. पाहुणे गेले, शेड बंद पडली, आम्ही दोघंही घरी बसलो.

कौमुदीनं पिच्छाच पुरवला म्हणून पेढे घेऊन बीरगावला त्याच्या घरी गेलो. दारातच म्हणालो, "दिवाकरभाऊ, तुमच्यामुळं माहा जीव वाचला."

"तुह्यासाठी नाही केलं," तो म्हणाला. "धागे उलटे होते." पेढ्यांचा पुडा तेवढा घेतला आणि दार लावलं.

आजही मी त्याला मनसोक्त शिव्या घालतो. कौमुदीसमोर मात्र नाही. तिनं ती रेती पाहिली आहे.