मी न ऐकलेला धवला

मी आजवर ज्या अल्बमांवर लिहिलं, त्यातल्या निम्म्यांचा शेवट मी ऐकलेला नाही. हे मी लाजून सांगत नाही, या धंद्यात लाजेची सवय राहत नाही. पहिली दोन गाणी नीट ऐकायची, तिसरं जेवताना ऐकायचं, बाकीची बोटाने पुढे ढकलायची आणि मग बसून लिहायचं की हा अल्बम ‘श्रोत्याकडे संपूर्ण शरणागती मागतो’. श्रोता म्हणजे मी. आणि मी तिसऱ्या गाण्यालाच शरण जाऊन भात संपवलेला असायचा.

मी उरणजवळच्या एका गावात राहतो. दिवसा कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कागदपत्रं तपासतो. तिथे कंटेनरच्या नंबरातला एक आकडा चुकला तर ट्रक गेटवरून परत येतो आणि ड्रायव्हर माझ्या टेबलासमोर उभा राहून जे बोलतो त्यात एकही विशेषण वाया जात नाही. संध्याकाळी घरी आलो की मी संगीतसमीक्षक व्हायचो. पुण्याहून चालणाऱ्या एका वेब-नियतकालिकात माझी परीक्षणं यायची. तिथे गेट नव्हतं, काहीही लिहा, आत जायचं.

आम्हा समीक्षकांची एक भाषा होती. गाण्यात काही घडत नसेल तर तिथे ‘अवकाश’ असायचा. बेसूर असेल तर ‘पोत’. ध्वनिमुद्रण भिकार असेल तर ‘खरखरीत सच्चेपणा’. गाणारा शब्द विसरला तर ‘विखंडन’. आणि गाणारा खेड्यातला असला की तो ‘आदिम’ ठरायचा, मग तो बिचारा मोबाईलवर तानपुरा लावून रोज रियाज का करेना. आमच्यातल्या एका विद्वानाने लिहिलं होतं की अमुक गिटारवादक ‘मौनाची कातडी सोलतो’. हीच कातडी त्याने पुढच्या महिन्यात एका बासरीवाल्याकडून सोलून घेतली आणि दिवाळीच्या सुमारास बालगीतांच्या एका अल्बमकडूनही. आम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. अल्बम ऐकावा की नाही, हे मात्र त्याने सांगितलं नाही. आमच्यात तसं सांगणं हलकं समजलं जायचं. संपादक फोन करून एवढंच म्हणायचे, “छान आहे, पण फार समजतंय. जरा वजन येऊ दे.”

आता माझी मावशी. ती धवलारीण आहे, लग्नातले धवले म्हणजे विधींची गाणी गाणारी. आमच्या आगरी लग्नात भटजी येतो तो नंतर, आधी धवलारीण लागते. मांडव घालण्यापासून हळद लागेपर्यंत प्रत्येक कामाचा धवला असतो, आणि तो गाऊन झाला की ते काम झालं असं धरतात. धवला गायचा राहिला तर बायकांच्या लेखी हळद नुसती अंगाला लागली, लग्नाला लागली नाही. आसपासच्या गावांतली कितीतरी लग्नं मावशीने अशी लावलीत. तिला साडी-नारळ मिळतो आणि मांडवात पाटावर बसायचा मान मिळतो. त्या मानासाठी ती तापातसुद्धा गेली आहे.

मुंबईच्या काही मंडळींनी तिला वाशीच्या स्टुडिओत नेलं आणि नऊ धवले रेकॉर्ड केले. अल्बम आला. मुखपृष्ठावर गंजलेला नांगर होता, जहाजाचा. मावशी शेतकऱ्याघरची. ती जन्मात एकदा रेवसच्या लाँचमध्ये बसली आणि भाऊच्या धक्क्यापर्यंत ओकत गेली. पण मुंबईच्या माणसाला किनाऱ्यावरची बाई दाखवायची तर नांगर लागतो.

अल्बमवर मी लिहावं असं संपादकांनी सुचवलं. मी दोन गाणी ऐकली, तिसरं जेवताना. एक गोष्ट लक्षात आली. ऐकलेला प्रत्येक धवला शेवटाकडे येता येता मधेच तुटत होता. चाल वर चढायची, आता काहीतरी येणार असं वाटायचं आणि मावशी गप्प. मला घबाड सापडलं. मी ‘अपुऱ्याचं सौंदर्य’ असा मथळा देऊन दोन हजार शब्द लिहिले. बंदर आलं, जमिनी गेल्या, मिठागरं बुजली, आणि म्हणून ही गायिका गाणं पूर्ण करत नाही, कारण ‘विस्थापित किनाऱ्याचा श्वास पूर्ण होऊच शकत नाही’. दुसऱ्या धवल्यात एक टण्ण असा आवाज होता. त्याला मी ‘कंटेनरयुगाचा धातुमय हस्तक्षेप’ म्हटलं. रोज कंटेनर बघणाऱ्या माणसाला हे लिहिताना हसू यायला हवं होतं. मला डोळ्यांत पाणी आलं, स्वतःच्याच वाक्याने.

मावशीचं घर माझ्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर आहे. लिहिण्याआधी तिला विचारावं असं मला सुचलं नाही. छापून आल्यावर मात्र वाचून दाखवायला गेलो. ती ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मी चांगला आवाज लावून वाचलं. संपल्यावर ती म्हणाली, “म्हंजे तुला आवडलं का न्हाय?”

मी म्हटलं, “हे काय, एवढं लिहिलंय की.”

“त्येच इच्यारते. एवढं लिवलंस, पन आवडलं का न्हाय ते कुठं हाय?”

मी शोधायला लागलो. खरंच कुठे नव्हतं.

“आन हे काय, श्वास तुटला?” ती म्हणाली. “मना काय दम लागलेला? शेवटच्या कडव्यात नावं घेतात रं. नवऱ्या-नवरीची, त्यांच्या आईबापांची. तिथं नवरी न्हाय, नवरा न्हाय. काचेच्या मागं एक दाढीवाला बसलेला. नाव कुनाचं घेऊ, त्याचं? म्हनून थांबले. कुनाचं लगीन नसताना धवला पुरा करू नये.”

टण्ण आवाज तिने पाण्याचा पेला खाली ठेवला त्याचा होता.

एवढं कळल्यावर शहाण्या माणसाने दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली असती. मी छापली नाही. कारण लेख गाजायला लागला होता. कातडीवाल्या विद्वानाने त्यावर उत्तरादाखल ‘नकाराचं राजकारण’ असा लेख लिहिला आणि त्यात माझं नाव दोनदा घेतलं. मी माझा लेख आमच्या नातेवाइकांच्या आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. मोठेपणा मिरवायला टाकला, दुसरं काही कारण नव्हतं.

ग्रुपवर लोक मथळा वाचतात आणि पहिल्या चार ओळी. त्यांत स्पष्ट लिहिलं होतं की ही धवलारीण धवला पूर्ण करत नाही.

शेजारच्या गावात एक बाई होती. तिच्या मुलाची हळद मावशीनेच लावली होती आणि वर्षाच्या आत सून माहेरी निघून गेली होती, ती परत येत नव्हती. त्या बाईने माझा लेख कुणाकडून तरी वाचून घेतला आणि पाणवठ्यापासून बाजारापर्यंत सांगत सुटली. हिने माझ्या पोराचं लगीन अर्धं सोडलं, आता तर छापून आलंय, भाच्यानेच लिहिलंय. भाच्याने लिहिलंय म्हटल्यावर पुरावा पक्का झाला. पुढच्या दोन हळदींना मावशीला बोलावणं आलं नाही. एका घराने तर निरोप दिला, “रागवू नको, पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय.” मावशी माझ्याशी भांडली नाही. ती नुसती घरात बसून राहायला लागली आणि माझ्या आईला फोनवर म्हणाली, “मना आता कोन पाटावर बसवनार न्हाय.”

मी संपादकांना फोन केला. म्हटलं, चूक झाली, चार ओळींची दुरुस्ती टाका. गायिका धवला पूर्ण गाते, स्टुडिओत नवरानवरी नव्हते म्हणून थांबली. ते म्हणाले, “पण याने सगळंच सपाट होतं. आणि कलाकाराला आपण काय करतोय ते माहीत असायलाच हवं असं थोडंच आहे? तिला ते ठाऊक नसणं, त्यातच तर गंमत आहे.”

मी फोन ठेवला. संताप झाला, आणि सगळ्यात जास्त संताप या गोष्टीचा झाला की हे वाक्य मीसुद्धा कधीतरी लिहिलं असतं. त्यानंतर मी त्यांना काही पाठवलं नाही. त्यांना माझी उणीव भासली असेल असं वाटत नाही, कातडीवाला होताच.

एका रविवारी सकाळी मावशी स्वतः दारात येऊन उभी राहिली. नवी साडी नेसली होती. म्हणाली, “स्कूटर काढ. त्या बाईच्या तोंडावर सांग की तू खोटं लिवलंस.”

आम्ही गेलो. ती बाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. साठीची, ताठ, रागाने आणि बहुधा दुःखाने सुकलेली. तिने आम्हाला बसा म्हटलं नाही. मी उभ्याउभ्याच बोलायला सुरुवात केली. सवयीप्रमाणे म्हणालो की माझ्या लेखातल्या मांडणीचा विपर्यास झाला, अपूर्णता ही संकल्पना म्हणून...

“नीट बोल,” मावशी म्हणाली.

मी म्हटलं, “मी चुकीचं लिहिलं. मावशी धवला पुरा गाते. तुमच्या मुलाच्या हळदीला पण पुराच गायली.”

बाईने हातातली मिरची खाली ठेवली. “तुला काय ठाव? तू व्हतास काय त्या हळदीला?”

“होतो,” मी म्हटलं, आणि ते खरं होतं. मावशीला स्कूटरवरून मीच घेऊन गेलो होतो.

“मांडवात व्हतास?”

इथे माझी पंचाईत झाली. मी मांडवात नव्हतो. मावशीला सोडून मी मागच्या बाजूला आंब्याखाली स्कूटरवर बसलो होतो. एका परदेशी अल्बमवर दुसऱ्या दिवशी लिहायचं होतं. कानात इयरफोन घातले होते आणि हळद लागून लोक जेवायला उठेपर्यंत काढले नव्हते. मांडवात काय गायलं गेलं त्यातला एक सूरही माझ्या कानावर पडला नव्हता. मावशी माझ्याकडे बघत होती. तिचं सगळं माझ्या एका ‘हो’वर अडकलं होतं. आयुष्यभर न ऐकता बोललो, तसं आताही बोललो.

“होतो. सगळं ऐकलं. शेवटच्या कडव्यापर्यंत.”

“मंग सांग,” बाई म्हणाली. “शेवटी पयलं नाव कुनाचं घेतलं?”

परीक्षण लिहिणारा माणूस ‘माहीत नाही’ कधी म्हणत नाही, तो शब्दच आमच्या भाषेत नव्हता. मी छातीठोकपणे सांगितलं, “नवरीचं.”

मावशीने डोळे मिटले.

“खोटारडा!” बाई कडाडली. “नवरीचं कुठं? पयलं नाव माझं घेतलं! नवऱ्याच्या आईचं घेतात पयलं. माझा मालक जिता नव्हता, म्हनून त्याचं नाव घेताना हिने आवाज खाली आनला, मना अजून ऐकू येतं. मी तवा पदर तोंडात धरून रडले. त्याच्या मागनं पोराचं नाव, मंग सुनेचं, मंग तिच्या आईबापाचं...”

ती थांबली. आपण काय बोलून गेलो ते तिच्या ध्यानात आलं. शेजारच्या ओट्यावर दोन बायका कामं सोडून ऐकत उभ्या होत्या.

मावशी हळूच म्हणाली, “म्हंजे पुरा गायले ना मी?”

बाईने मिरच्यांवरून उगाच हात फिरवला. मग खाली बघत म्हणाली, “पुरा गायलीस. नावं सगली घेतलीस.” आणि पुढे म्हणाली, “तरी सून गेली. मी कुनाला बोलू मंग?”

मावशी तिच्याशेजारी खाली बसली. मला कोणी बसा म्हटलं नाही आणि मीही बसलो नाही. त्या दोघी बराच वेळ सुनेविषयी बोलत होत्या. शेवटी चहा आला, तोही दोनच कप.

परतताना मावशी मागे बसली होती. त्या दोन शेजारणी दुपारपर्यंत सगळ्या गावाला सांगणार हे तिला माहीत होतं, आणि तसंच झालं. पुढच्याच आठवड्यात तिला एका हळदीचं बोलावणं आलं. माझ्या सबंध समीक्षेत कुणाचं भलं करणारं ‘नवरीचं’ हे एकच वाक्य, आणि तेही साफ चुकीचं.

खाडीच्या पुलावर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“त्या दिशी तू मांडवात नव्हतास ना?”

“नव्हतो.”

“मी धवला गात व्हते तवा तू बाहेर काय करत व्हतास?”

समोर ट्रकांची रांग लागली होती, स्कूटर थांबवावी लागली. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

“गाणी ऐकत होतो,” मी म्हटलं.