लाभार्थी क्रमांक सतरा

नाव : आनंदीबाई दीनानाथ साळवे. वय : बासष्ट. धर्म : ख्रिस्ती, मंडळीच्या सभासद, वर्गणी वेळेवर. पत्ता : बिबवेवाडी, पाण्याच्या टाकीमागे, खोली एक. पूर्वीचा व्यवसाय : इस्पितळात आया. वैवाहिक स्थिती : विधवा. गरजेचा पुरावा : सलग पाच रविवार तीच विटकी साडी, समितीच्या दोन सदस्यांनी समक्ष पाहिली. दान देण्याची ऐपत : निरंक. शिफारस : एक पांघरूण.

हा कागद पुण्यातल्या एका चर्चच्या मदत समितीने १९९१ च्या डिसेंबरात तयार केला. ज्यांच्याविषयी तयार केला, त्यांना तो दाखवण्याची पद्धत नव्हती.

आनंदीबाई या प्रकरणात शिरल्या होत्या त्या दुसऱ्याच दाराने. नोव्हेंबरात पाळकसाहेबांनी जाहीर केलं, की नाताळच्या आधी पांघरुणं गोळा करून जात-धर्म न पाहता वाटली जातील. गरजूंची नावं सभासदांनी सुचवावीत. आनंदीबाईंनी एकच नाव दिलं, शेजारच्या नूरबानूचं. सांधे धरलेले, फरशीवर अंथरूण आणि अंगावर एक चादर. पण तिला हातात नेऊन काही द्यायची सोय नव्हती. एकदा वाटीभर साखर दिली, तर तिसऱ्या दिवशी वाटीत खीर आली, आणि खिरीत काजू.

"अहो भाभी, हे काय?"

"रिकामी वाटी परत करायची आमच्यात रीत नाही."

गोधडीच्या बदल्यात ही बाई काय विकून काय आणेल, या विचारानेच आनंदीबाईंना धडकी भरली. म्हणून त्यांनी बेत केला : गोधडी आपण शिवायची, गुपचूप चर्चात ठेवायची आणि चर्चने ती नूरबानूला द्यायची. मधे आपण कुठेच नाही.

नाक्यावरच्या शिंप्याकडून चिंध्या आणून वरचा थर जोडला. आतला एक थर कमी पडत होता, तो घरातून काढला. पंधरा दिवस टाके घातले, आणि चर्चच्या दारातल्या पेटाऱ्यात गोधडी ठेवली, नावाची चिठ्ठी न लावता. समितीचे सेक्रेटरी यज्ञेश्वर रणपिसे या प्रकाराने फार अस्वस्थ झाले. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. बिननावाची वस्तू नोंदवायची कुठे? "ज्यांनी कुणी ठेवली असेल त्यांनी लाजू नये," असं त्यांनी भर उपासनेत माइकवरून विनवलं. आनंदीबाईंनी प्रार्थनेसाठी मान खाली घातली आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ तशीच ठेवली.

नाताळच्या आधीच्या रविवारी वाटप झालं. पाळकसाहेबांनी गुप्तदानावर सुरेख उपदेश केला, आणि तो संपल्यावर दात्यांची नावं लाउडस्पीकरवर वाचण्यात आली. त्याला अकरा मिनिटं लागली. मागच्या रांगेत नूरबानू इस्त्रीची ओढणी घेऊन बसली होती. "तुमचं नाव लागलंय, या," असं आनंदीबाईंनीच तिला सांगितलं होतं. दोन बस बदलून आली होती बिचारी.

मग लाभार्थ्यांची सोळा नावं झाली. सतरावं नाव पुकारलं : "आनंदीबाई साळवे!"

काहीतरी उचलायला बोलावलं असेल, असं समजून त्या गेल्या. हार घातलेल्या पाहुण्यांनी त्यांच्या हातात त्यांचीच गोधडी ठेवली.

"आजी, इकडे बघा. जरा हसा," फोटोग्राफर म्हणाला.

"रणपिसेसाहेब, हे काय?"

"अहो, संकोच कसला? घरची माणसं आधी."

"आणि नूरबानू?"

रणपिशांनी यादीवर बोट फिरवलं. "त्या सभासद नाहीत. नाव मीच खोडलं, तिथे तुमचं घातलं."

"जात-धर्म न पाहता म्हणाला होतात ना?"

"तत्त्वतः, आनंदीबाई. तत्त्वतः."

आनंदीबाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. गरीब म्हटल्याचा राग नव्हता. गरीब त्या होत्याच. पण सव्वीस वर्षं त्यांनी परक्यांची घाण उपसली होती, आणि कुणाचं भांडं हातात घेण्याआधी हा कुठल्या मंडळीचा, असं एकदाही विचारलं नव्हतं. आणि इथे ही माणसं प्रभूच्या नावाने एका म्हातारीला बोलावतात, प्रभूच्या घरात खुर्ची देतात, आणि पेन्सिलीने तिला खोडून टाकतात! वर फोटोसाठी हसायचं! प्रभूने हे कुणाला शिकवलं होतं? की शिकवताना रणपिसे बँकेत होते?

'ही गोधडी माझी आहे', एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही. पण माइक हातभर अंतरावर होता, आणि मागच्या रांगेपर्यंत ते ऐकू गेलं असतं. आनंदीबाईंनी ते गिळलं. इतकं कडू त्यांनी इस्पितळातही काही गिळलं नव्हतं.

"सही कुठे करायची?"

रणपिशांनी रजिस्टर पुढे केलं. त्यांनी सही केली.

"आता ही माझी ना?"

"अर्थात."

"मग माझ्या वस्तूचं काय करायचं ते समिती सांगणार नाही ना?"

"नाही, पण तसा प्रघात..."

"मग सरका बाजूला."

त्या तडक मागच्या रांगेत गेल्या. फोटोग्राफर मागोमाग आला. "तुमचा रोल वाचवा हो," असं त्याला सुनावून त्यांनी गोधडी नूरबानूच्या मांडीवर ठेवली. "भाभी, ही तुमची. यादीत माझं नाव चुकून पडलं."

नूरबानूने गोधडीचा कोपरा उलटला, टाक्यांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"तुमच्या चर्चला टाका बरा जमतो."

"टाकाच जमतो. बाकी सगळा आनंद आहे."

"वाटी कुणाला परत करायची, ते कळलं असतं तर बरं झालं असतं."

"त्या रणपिशांना करा. त्यांना नोंदी ठेवायची हौस आहे."

नूरबानू हसली नाही. तिने गोधडी खांद्यावर घेतली, आणि दोघी बसस्टॉपकडे चालू लागल्या.

जानेवारीत समितीने ठराव केला : लाभार्थी क्रमांक सतरा यांनी मिळालेली वस्तू परस्पर अन्य व्यक्तीस दिली. कृतज्ञता आढळून आली नाही. पुढील वर्षी त्यांच्या नावाचा विचार होऊ नये. गरज मात्र अद्याप कायम, साडी तीच.

रविवारची चांगली साडी गोधडीच्या आतल्या थरात होती.