चपला काढा आधी

मी श्रीपत. विरारजवळ वटारला माझी पानवेल, म्हणजे विड्याच्या पानांची बाग आहे आणि पानवेलीला लागून सहा खोल्यांचं भाड्याचं घर. गावात कुणालाही विचारा, श्रीपत माणूस कसा? सांगतील, तोंडाचा फटकळ, पण मनाचा चांगला. फटकळ, एवढं बरोबर आहे. पुढचं ऐकलं की आता मला तिथून उठून जावंसं वाटतं.

आमच्याकडे पानवेलीत चपला घालून जायचं नाही. आजा गेला नाही, बाप गेला नाही, मीही जात नाही. वेल सोवळ्यातली, रुसली की आठवड्यात पिवळी पडते म्हणतात. खरं का खोटं, देव जाणे, आम्ही कधी घालून बघितल्याच नाहीत. कमळी आमच्याकडे चाळीस वर्षं पानं खुडतेय. साठी उलटली बाईची, टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा, पण वेलीत पाऊल टाकायचं तर अनवाणीच.

खोल्यांत विरारच्या एका हॉस्पिटलातल्या नर्स मुली राहतात. मधून लांबट बोळ, दोन्ही बाजूंना तीन-तीन खोल्या, खिडक्यांना गज. बोळाचं एक दार रस्त्यावर, दुसरं मागे पानवेलीत. पहिल्या वर्षी या मुली मागच्या दारानं खुशाल वेलीत जायच्या. कपडे वाळत घालायला, फोनवर गप्पा मारायला, आणि पायात चपला! मी ओरडलो, पाटी लावली. दोन दिवस ऐकलं, तिसऱ्या दिवशी वेलीच्या बुडाशी सँडलची टाच उमटलेली. माझं डोकंच फिरलं. त्याच संध्याकाळी मागच्या दाराला बाहेरून कडी ठोकली, कुलूप घातलं आणि किल्ली देवघरात समईमागे ठेवून दिली.

त्यांच्यातली उन्नती म्हणून एक, साताऱ्याकडची. हळू बोलणारी, वाकून नमस्कार करणारी. ती एकदा आली. ‘‘काका, मागचं दार उघडं ठेवा ना. बोळात रचनाची बॅटरीवाली स्कूटर चार्जिंगला असते, अगदी पुढच्या दाराशी. तिथं काही पेटलं तर आम्ही निघायचं कुठून?’’

‘‘आग काय रोज लागते? आणि तू मला शिकवणार?’’

‘‘बरं काका,’’ म्हणाली आणि गेली.

तिच्याच सांगण्यावरून मी आग विझवायचा लाल सिलेंडर आणला होता. तो कुठं लावला माहितीये? माझ्या हॉलमध्ये, वडिलांच्या फोटोशेजारी, वरचं प्लास्टिकही न काढता. मुली उगाच हात लावून खराब करतील म्हणे! पाहुणे आले की मी तो कौतुकानं दाखवायचो. आज आठवलं तरी कान तापतात.

कमळीसुद्धा बोलली होती. ‘‘शिरपत, पोरींना असं कोंडू नये. कोनाला काय झालं तर?’’

‘‘तू पानं खुड,’’ मी म्हणालो.

मार्चमधली गोष्ट. भरदुपारी जेवून मी ओटीवर लवंडलो होतो. चौघीजणी रात्रपाळी करून आलेल्या, आत गाढ झोपलेल्या. बाकीच्या कामावर. कमळी वेलीत होती. तिची आरोळी ऐकून मी उठलो तर पुढच्या दारातून काळाकुट्ट धूर, आणि आत स्कूटर भडकलेली. तिथून माणूस काय, मांजरही निघालं नसतं. मागच्या दारावर आतून मुली धडाधडा हात मारत होत्या.

‘‘शिरपत, चावी!’’

मी देवघरात धावलो. समईमागे हात घातला तर समईच पडली, तेल सांडलं, किल्ली त्या तेलात. ती शोधून मागे पोचलो तोवर कमळीनं कुठूनशी पहार आणून कडीच उपटली होती. दार उघडलं. धुराचा लोट बाहेर आला आणि त्यातून पहिली उन्नती, तोंडावर ओढणी, खोकून बेजार.

पायात सँडल. समोर वेल.

आणि मी ओरडलो. ‘‘चपला! चपला काढा आधी!’’

जीभ झडली असती तर बरं झालं असतं माझी. कसं निघालं तोंडातून, का निघालं, अजून सांगता येत नाही. पण निघालं. आणि ती गुणाची पोर थांबली हो! दारातच थांबली, वाकली आणि पट्टा सोडायला लागली. मागे तिघी धुरात. सगळ्यांत शेवटी रचना.

‘‘गप मेल्या!’’ कमळी माझ्यावर किंचाळली. तिनं उन्नतीला दंडाला धरून बाहेर ओढलं, मग दुसरीला, मग तिसरीला. रचना उंबऱ्याजवळ आली आणि बोळावरचं प्लास्टिकचं छत पेटत्या तुकड्यांनी तिच्या पाठीवर पडलं. तिला वेलीत लोळवून कमळीनं आपल्या लुगड्यानं आग विझवली.

उन्नती दारात किती वेळ वाकली होती? चार सेकंद? पाच? मी घरी बसून मोजून पाहिलंय. खूप वेळ असतो तो.

नंतर अग्निशमनचे साहेब आले. दार कुणी बंद केलं? मी. का? सांगितलं. चार्जिंगची सोय बाहेर का नाही, सिलेंडर कुठं होता? तेही मान खाली घालून सांगितलं. दारात मी काय ओरडलो, ही एक गोष्ट मात्र त्यांनी विचारली नाही, आणि मी सांगितली नाही. गावात उलट बोलबाला, या वयात श्रीपत किल्ली घेऊन कसा धावला! मी ऐकून घेत राहिलो. कमळी सगळं जाणून होती. तिनं गावात सांगितलं नाही, पण आठ दिवस माझ्या घरचा चहा घेतला नाही.

आठव्या दिवशी मीच म्हणालो, ‘‘चल, हॉस्पिटलात जाऊ. सांगून टाकतो त्या पोरींना.’’

रिक्षात मी मनातल्या मनात घोकत होतो. चूक माझी. मी ओरडायला नको होतं. तुझी पाठ माझ्यामुळे भाजली. एवढी तीन वाक्यं. रचना पालथी झोपली होती, खांद्यापासून कमरेपर्यंत पट्ट्या. उशाशी उन्नती. मला बघून ती उठली, हातातली वाटी खाली ठेवली. मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली,

‘‘काका, सॉरी हां. एकच सँडल निघाली. दुसरीचा पट्टा अडकला, तशीच गेले वेलीत.’’ तिचे डोळे भरले होते. ‘‘वेल जगली ना?’’

कमळी माझ्याकडे बघत होती. बोलायची वेळ हीच होती. घशात तिन्ही वाक्यं तयार होती.

‘‘असू दे गं,’’ मी म्हणालो. ‘‘घाईत होतं असं कधी कधी.’’

म्हणजे मीच तिला माफ केलं.