दुपारी एक वाजता भांडगावात

सकाळी सहाला वाघोली ओलांडली, तेव्हाच माझं डोकं तापलं होतं. मागच्या सीटवर ठेवलेल्या यंत्रांच्या खोक्यांपैकी एक सारखं खडखडत होतं. ते कोणतं, हे बघायला मी दोनदा गाडी थांबवली आणि दोन्ही वेळा ते गप्प बसलं. मार्च महिन्यात शिरूर आणि दौंड एका दिवसात उरकायचं कबूल करणारी मीच होते, म्हणून चिडायलाही दुसरं कुणी नव्हतं.

माझं काम घरच्यांना अजून नीट कळलेलं नाही. आई शेजारणींना सांगते की मी कॉम्प्युटरची डॉक्टर आहे. ते तितकंसं खोटं नाही. मोठ्या संस्थांचे सर्व्हर दिवसरात्र चालू असतात. त्यांच्यात आम्ही एक छोटा प्रोग्राम बसवतो. तो दर मिनिटाला मशीनचं तापमान, वीज आणि भार मोजून इंटरनेटवरून आमच्या क्लाउडवर पाठवतो. मी कुठेही असले तरी मोबाइलवर त्या मोजमापांच्या रेघा मला दिसतात.

या वेळचं गिऱ्हाईक एक दूध संघ होता. गावोगावच्या केंद्रांवर दूध थंड ठेवायचे बल्क कूलर (मोठ्या पोलादी टाक्या), आणि त्या सगळ्यांवर लक्ष ठेवणारा एकच सर्व्हर, भांडगावच्या कार्यालयात.

शिरूरला स्टँडजवळच्या हॉटेलात संघाचे अध्यक्ष वाट बघत होते. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही म्हणू लागले. पांढरेशुभ्र कपडे, समोर कांदाभज्यांची प्लेट. खाण्याचा आग्रह करतानाही आवाजात हुकूम होता.

"म्याडम, आमाला तुमच्या रेघा कळत न्हाईत," आप्पा म्हणाले. "मागल्या म्हयन्यात निमोण्याचा कूलर दुपारचा बंद पडला. सर्व्हरनं फोन करायचा, तो केलाच न्हाई. सांजच्याला झाकण उघडलं तर टाकीच्या टाकी नासल्याली. आता सर्व्हर कुणाच्या ताब्यात? वैशालीच्या. ती पोरगी कामात लक्ष देती का न्हाई, तेवढंच सांगा."

"आणि देत नसेल तर?"

"आज पाचला भांडगावात मिटिंग हाय. नारळ देऊ हातात."

मी हातातलं भजं परत प्लेटमध्ये ठेवलं. मला मशीन तपासायला बोलावलं होतं आणि हे मला एका बाईच्या नोकरीचा निकाल द्यायला सांगत होते. तरीही मी 'बघते' म्हणाले. गिऱ्हाइकापुढे माझं तोंड नेहमी उशिरा उघडतं.

गाडीत बसून मी वैशालीला फोन लावला आणि तिच्याकडूनच भांडगावच्या सर्व्हरवर आमचा प्रोग्राम बसवून घेतला. एकदा सांगितलेलं तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. नऊ वाजता माझ्या मोबाइलवर रेघा धावू लागल्या.

"म्याडम, सात वर्सं हाय मी हितं," ती शेवटी म्हणाली. "सॉफ्टवेअरवाले चारदा येऊन गेले. दर वेळी म्हनले, नेटचा प्रॉब्लेम हाय. आन् आता समदं माझ्यावर आलंय."

"बघूया," मी म्हणाले. त्या दिवशी हा शब्द मी फार वापरला.

निमोण्याचं केंद्र गावाच्या तोंडाशीच आहे. कूलरला मोजणी यंत्र बसवेपर्यंत अकरा वाजले. केंद्र सांभाळणाऱ्या बाई कमरेवर हात ठेवून माझं काम बघत होत्या. ते नासलेलं दूध त्यांनी स्वतःच ओढ्याला सोडलं होतं.

"माझ्या गाईचंबी त्यात व्हतं," त्या म्हणाल्या. "वैशाली वंगाळ न्हाई वो. पर कुणाची तरी चूक आसलच की."

निघताना त्यांनी भाकरी आणि वांग्याचं कोरड्यास (पातळ कालवण) डब्यात बांधून दिलं. नको म्हणायची सोय नव्हती.

इनामगावचं यंत्र बसवून मी घोडच्या काठी बाभळीखाली डबा उघडला. समोर नदीचं पाणी, पलीकडे कांद्याचे हिरवे वाफे. इथे उत्खननात हजारो वर्षांपूर्वीची घरं सापडली, धान्य साठवायची बळदं सापडली. पीक सांभाळून ठेवायची काळजी या काठावर तेव्हापासूनची आहे. मी मात्र हात उंच करून नेटवर्क शोधत होते. कोरड्यास असं झणझणीत की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच पाण्यातून मी मोबाइलकडे पाहिलं.

एक वाजून चार मिनिटांनी भांडगावची रेघ तुटली. तापमान, वीज, भार, तिथल्या सगळ्याच रेघा एकदम थांबल्या.

डबा तसाच बाजूला ठेवला. मी वैशालीला फोन केला, तिने उचलला नाही. मग कार्यालयाचा फोन लावला. तिकडून एका म्हाताऱ्या माणसाचा सावकाश आवाज आला. ते तिथले पहारेकरी होते, दत्तूआबा.

"म्याडम जेवाय घरला गेल्यात. दोनला येतील."

"आबा, तिथे लाईट गेली आहे का?"

"न्हाई. पंखा चालू हाय की."

"बाकी सगळं ठीक?"

"समदं झ्याक हाय."

मी फोन ठेवला. वीज होती, म्हणजे यंत्र कुणीतरी हाताने बंद केलं होतं. आणि ज्या वेळी ते बंद झालं त्याच वेळी वैशाली घरी गेली होती. माझ्या डोक्यात दोन आणि दोन चार झाले. थांबायला हवं होतं. पण मी तिथूनच आप्पांना फोन करून सांगितलं, "ती जेवायला जाताना मशीन बंद करून जाते असं दिसतंय."

"मला वाटलंच व्हतं," आप्पा म्हणाले.

बरोबर दोन वाजता रेघ पुन्हा सुरू झाली. गाडी चालवताना मी तेच घोकत राहिले, बरोबर दोन वाजता. न्हावऱ्याच्या पुढे ऊन डांबरावर नाचत होतं. ज्याला मशीन बंदच ठेवायचं आहे तो वेळेवर परत चालू कशाला करेल? आणि मशीन बंद राहिलं तर आळ आपल्यावर येतो हे ठाऊक असून, आज मी बघत असताना, ती ते बंद कशी करेल? हा प्रश्न मला फोन करण्याआधी पडायला हवा होता. आता आप्पांना पुन्हा फोन लावला तर तो बंद.

पारगावला भीमेच्या पुलाअलीकडे उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट आडवा झाला होता. पुढे चाळीसेक गाड्या. मी हॉर्न वाजवला. शेजारच्या टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ताई, हारन वाजवून ऊस उठत नसतो."

पाऊण तास गेला. घड्याळात चार वाजले, सव्वाचार झाले. मला भीती वाटत होती, स्वतःची लाजही वाटत होती. मी पोहोचण्याआधी तिच्या हातात नारळ पडला असता, तर तो माझ्या एका फोनमुळे.

चौफुल्यावरून सोलापूर हायवेला लागले आणि पाचला पाच कमी असताना भांडगावात गाडी लावली. मिटिंगच्या हॉलमध्ये शिरले आणि अंगावर गार झुळूक आली. दिवसभरात पहिल्यांदा बरं वाटलं. आप्पा आणि पाच-सहा संचालक एसीखाली बसले होते. समोर तिशीतली एक बाई उभी होती, पदर मुठीत आवळून. तीच वैशाली.

"या म्याडम," आप्पा म्हणाले. "तुमीच सांगा समद्यांना."

"आधी मला सर्व्हर बघू दे."

"आता काय बघायचं ऱ्हायलं?"

"आप्पा, मी दुपारी घाईने बोलले. ते चुकीचं असू शकतं."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. तिला तोवर कळलं होतं की दुपारी आप्पांना फोन कुणी केला.

सर्व्हरची खोली मागच्या बाजूला, पत्र्याच्या छपराखाली. दार उघडलं तर भट्टीसारखी धग. मी मशीनची जुनी नोंद काढली. कित्येक महिन्यांपासून रोज एकच गोष्ट: एकच्या सुमारास बंद, दोनला चालू. निमोण्याचा कूलर पडला तोही याच तासात; बंद पडताना एकदाच येणारा त्याचा इशारा घ्यायला सर्व्हर चालूच नव्हता. आप्पा माझ्या खांद्यावरून बघत होते.

"म्हंजी रोजचंच हाय हे!" ते गरजले. "वैशाली!"

"आप्पा, देवाशपथ मी हात लावला न्हाई!" ती रडायलाच लागली.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन दत्तूआबा दारात आले. त्यांनी वैशालीकडे पाहिलं, मग आप्पांकडे.

"पोरीला कशापायी वरडताय?"

"रोज दुपारची मशीन बंद करती ही!"

"ती कवा करती? मीच करतो की."

आबांनी ट्रे टेबलावर ठेवला.

"तीस वर्सं भीमेवरल्या उपशाच्या मोटारी चालवल्या मी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात अपराध्याचा लवलेश नव्हता. "एक मोटार जळाली न्हाई माझ्या हातनं. मोटार तापली की तासभर दम द्यायचा. हीबी तापती. ही जेवाय गेली की मी खटका पाडतो, दोनला वर करतो. कुणी इचारलंच न्हाई मला."

खरंच कुणी विचारलं नव्हतं. चार वेळा आलेल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी नाही, आप्पांनी नाही. मी तर त्यांच्याशी स्वतः बोलले होते आणि लाईटची चौकशी करून फोन ठेवला होता.

"आबा, सर्व्हरला विश्रांती लागत नाही," मी शिकवणीच्या सुरात म्हणाले.

"हात लावून बघा," आबा म्हणाले.

मशीनच्या लोखंडी दाराला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मग मोबाइलवर सकाळपासूनची तापमानाची रेघ काढली, जी मी दिवसभर पाहिलीच नव्हती. मी फक्त ती कुठे तुटली तेवढं पाहिलं होतं. अकरापासून ती चढत गेली होती. एक वाजता ती धोक्याच्या खुणेला जवळजवळ टेकली होती. त्या तासाच्या दमाशिवाय हे मशीन कधीच जळून गेलं असतं.

"पण आबा, सर्व्हरच्या खोलीत एसी असतोच," मी म्हणाले. "इथला कुठे आहे?"

आबांनी वर बोट केलं. भिंतीवर एक पांढरा चौकोन होता, खाली पाइपाचं भोक बोळा कोंबून बुजवलेलं.

"वार्षिक सभेला पावने यायचे म्हनून हॉलात नेला," आबा म्हणाले. "तो तिथंच ऱ्हायला. मी आप्पांना तीनदा सांगितलं, मशीन तापतंय."

आप्पांनी त्या चौकोनाकडे पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला. संचालक एकमेकांकडे बघेनात. मग आप्पा वैशालीकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, चुकलं माझं. आबा, उद्या सकाळी एसी हितं आना. आन् तो खटका आता पाडू नका."

मीही वैशालीची माफी मागितली. "राहू द्या म्याडम," ती म्हणाली. तिने माझा चहा गरम करून आणला.

निघण्याआधी एक शेवटचं काम उरलं होतं. मशीन तापलं तर सिस्टीमने फोन कुणाला करायचा, तो नंबर भरायचा होता. मी वैशालीचा लिहू लागले.

"माझा दुसरा टाका," ती म्हणाली. "पहिला आबांचा."

पुण्याला परतताना रस्ता मोकळा होता आणि मागचं खोकंही गप्प होतं. इतक्या वर्षांत मी किती मशीनच्या रेघा बघितल्या, आणि त्यांच्यापाशी बसलेल्या किती माणसांना काहीच विचारलं नाही, याचा हिशेब मला लागेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला मी ऑफिसात सगळं सोडून मोबाइलवर रेघा उघडून बसले. भांडगावची तापमानाची रेघ एकच्या पुढे गेली, न तुटता, खालच्या खाली. तेवढ्यात फोन वाजला.

"म्याडम, दत्तूआबा बोलतोय. आज गार हाय मशीन. मी खटका पाडला न्हाई."

"दिसतंय आबा मला."

"दिसू द्या. तुमी तिकडनं बघत ऱ्हावा," आबा म्हणाले, "मी हितनं हात लावून बघत जाईन."