मुख्य पात्राचा रकाना

आमच्या घरातला भात होळीपर्यंत कसाबसा पुरायचा. मग वडील लोणावळ्याला बंगल्यांच्या बांधकामावर जायचे आणि आई करवंदांची पाटी घेऊन घाटाच्या रस्त्याला उभी राहायची. टाकव्याच्या पुढं, डोंगराला चिकटून आमची वाडी. मी दहावीत होते त्या वर्षी वडील परांचीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. लावणी तोंडावर आलेली, रोपं वाढून चाललेली. आई दवाखान्यात वडिलांपाशी, घरात मी एकटी.

आमच्याकडं लावणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी मिळून एकाचं खाचर लावायचं, उद्या दुसऱ्याचं. आधी कुणाचं, यावरून दर वर्षी भांडण ठरलेलं. त्या वर्षी कुणी भांडलं नाही. सगळी वाडी आधी आमच्या खाचरात उतरली. दुसऱ्या दिवशी सावड फेडायला मी शेजारच्या मावशीच्या चिखलात उतरले, तर तिनं दंडाला धरून मला बांधावर काढलं.

"तू शाळंत जा. तुजी पाळी आमी धरू."

"अगं पण आमच्या घरचं कुणीच न्हाई..."

"न्हाई तर न्हाई. नापास झालीस की ये. चिखल काय कुटं पळून चाललाय व्हय?"

नापास झाले नाही. वाडीतली पहिली पदवीधर मी, आणि हे मान वर करून सांगते. आता नवलाख उंबरे गावातल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते.

कादंबरी लिहायला घेतली ती या वाडीवरच. पानं खूप झाली, पण कुठला प्रसंग कुठं ठेवायचा ते कळेना. लोणावळ्यात नव्या लेखकांचं शिबिर चालायचं, रविवारी. तिथल्या सरांनी आम्हाला कादंबरी आखायचं सॉफ्टवेअर शिकवलं. एका प्रसंगाचं एक कार्ड. कार्ड उचलून या प्रकरणातून त्या प्रकरणात टाकायचं, प्रत्येक पात्राला वेगळा रंग. मला ते मनापासून आवडलं. माल रॅकला लावावा तसे प्रसंग जागेवर बसायला लागले.

अडलं एका ठिकाणी. सगळ्यात वर रकाना होता, मुख्य पात्राचा. तो रिकामा ठेवला की प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात लाल ठिपका यायचा.

सरांनी माझा लॅपटॉप पुढं ओढला. "अहो, नायिका समोर तर आहे! ही शिकणारी मुलगी. तिची जिद्द, तिची एकटीची झुंज. बाकीची मंडळी पार्श्वभूमीला जाऊ द्या." त्यांनी स्वतःच माउस घेतला, मुलीची कार्डं रांगेत लावली आणि मावशीसकट सगळी वाडी 'जादा' नावाच्या कप्प्यात टाकली. लाल ठिपके गेले.

"अशी पूर्ण करा. प्रकाशकांकडे मी स्वतः शब्द टाकतो. आधीसारखी ठेवलीत तर मात्र अवघड आहे."

माझ्यासाठी शब्द टाकणारं दुसरं कुणी माझ्या ओळखीत नव्हतं. पुस्तक तर मला हवंच होतं. म्हणून घरी येऊन ती रांग नीट वाचली. मुलगी एकटी अभ्यास करते, एकटी पास होते. लावणीचं कार्ड जादात. मग हिच्या घरचं खाचर लावलं कुणी? मला असा राग आला की काय सांगू. माझ्यासाठी चिखलात वाकलेली माणसं पार्श्वभूमी?

सगळी कार्डं बाहेर काढली आणि सावडीनं लावली. एक प्रकरण, एक घर. त्या प्रकरणात गोष्ट त्या घराची, बाकीची वाडी तिथं कामाला आलेली. जे घर जास्त अडलेलं ते आधी. मावशीचा नवरा ऐन पेरणीत गेला होता, म्हणून पहिलं प्रकरण तिचं. शिकणारी मुलगी मधे कुठंतरी.

आईला वाचून दाखवलं, तर ती फुगली.

"हिच्या घरापासनं का म्हून? आमी काय लय मजेत हुतो?"

मावशी दारातच बसलेली. "लाव गं तिचं आदी. न्हाईतर आज भाकर न्हाई मिळायची तुला."

तरी मी क्रम बदलला नाही.

पुढच्या रविवारी सर म्हणाले, "रकाना रिकामाच?"

"हो."

"अहो, वाचकानं बोट कुणाचं धरायचं?"

"आमच्या वाडीत येऊ तर द्या, सर. सगळेच हात धरून आत नेतील."

मागं कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. "मग मला शब्द टाकता येणार नाही."

"नका टाकू. मीच पाठवते."

पाठवली. दोन ठिकाणांहून परत आली. दोघांनाही ती मुलगी पुढं हवी होती. मी एक कार्डसुद्धा हलवलं नाही. तिसऱ्या प्रकाशकानं आहे त्या क्रमानं घेतली. कादंबरी छापून आली आहे, आणि आमच्या वाडीतल्या प्रत्येक घराचं तिच्यात एक प्रकरण आहे.