पाण्याचा ट्रेलर आणि गावित

१९९१ साली माझी पोस्टिंग नाशिकला आली. घर घोटीजवळ, म्हणून बायको खूश. युनिटचं नाव लिहीत नाही, त्याची गरज नाही. मी नायक, ड्रायव्हर. पेन्शनला दोन वर्षं राहिली होती. शाळा चौथीपर्यंत, म्हणून जे झालं ते सरळ लिहितो.

पाचला उठायचं. साडेपाचला गाडीची तपासणी. तेल, पाणी, हवा, ब्रेक. सहाला पाण्याचा ट्रेलर जोडून टाकी भरायची. साडेसहाला गाडी गेटबाहेर. पश्चिमेला डोंगरात आमचा उन्हाळी कॅम्प होता. तिथं पाणी नाही. सगळी माणसं त्या एका टाकीवर.

माझ्यासोबत लान्स नायक सखाराम गावित. सुरगाण्याकडचा, काटक माणूस. उभा चढ आला की तो उतरायचा आणि लाकडी ठोकळा घेऊन ट्रेलरच्या मागं चालायचा. गाडी मागे सरकली तर चाकाखाली ठोकळा टाकायचा. मला म्हणायचा, "दादा, तू ड्रायव्हर. मी आपला बैलामागं चालनारा."

आता हुकाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ट्रकच्या मागे लोखंडी हुक असतो. ट्रेलरच्या दांड्याला जाड कडी. कडी हुकात बसवायची, वरचा खटका पाडायचा, पिन घालायची. हुकाचा स्वतःचा दांडा ट्रकच्या आडव्या बीममध्ये एका बुशमध्ये, म्हणजे जाड लोखंडी नळीत, बसतो, पलीकडून नट. रोज घासून हे बुश आतून मोठं होतं. मग हुक ढिला पडतो. ब्रेक मारला की खट्, गिअर टाकला की खट्. प्रत्येक खट्‌ म्हणजे नटावर एक घाव.

आमचा हुक मार्चपासून वाजत होता. मी वर्कशॉपला लिहून दिलं. बुश शिल्लक नव्हतं, येईल तेव्हा मिळेल म्हणाले. त्यात कुणाची चूक नाही.

मग इन्स्पेक्शन लागलं. सुभेदार साहेब म्हणाले, "पवार, साहेबांसमोर गाडी खडखडली नाही पाहिजे." एवढंच म्हणाले. पुढचं सगळं माझं डोकं. गोणपाटाचा तुकडा कापला, ग्रीसमध्ये बुडवला, स्क्रू ड्रायव्हरनं त्या फटीत ठासला. वरून काळा रंग. नटावरही रंग. हुक नवा दिसायला लागला. हलवला तर चूप.

गावितनं पंजा हुकावर ठेवला. त्याची ही सवय होती. म्हणाला, "गाडी पुढं-मागं घे थोडी."

मी घेतली.

"दादा, आवाज गेला. ढील नाय गेली. हाताला लागते."

"इन्स्पेक्शन होऊ दे. मग काढू."

"काढशील ना?"

"काढतो म्हटलं ना. डोकं नको खाऊ."

इन्स्पेक्शन झालं. साहेबांनी गाडीवर हात फिरवला, शाबासकी दिली. गोणपाट तसंच राहिलं. तीन आठवडे. वाजत नव्हतं, म्हणून आठवण राहिली नाही. खरं सांगायचं तर आठवण होती, आळस केला.

एप्रिलातल्या त्या दिवशी सकाळी सात चाळीसला शेवटच्या चढाला लागलो. टाकी काठोकाठ भरलेली. एका बाजूला दरी, एका बाजूला कापलेला डोंगर. चढाच्या खाली रस्त्याला लागून विहीर. पाड्यावरच्या पाच बाया पाणी शेंदत होत्या. गावित उतरून मागं चालायला लागला.

मी पहिला गिअर टाकला. गाडीला झटका बसला आणि गाडी एकदम हलकी झाली. ड्रायव्हरला ते बुडाखाली कळतं. आरशात पाहिलं. ट्रेलर मागे चालला होता. हुक सुटला तर धरायला जोडीची साखळी होती, ती एका झटक्यात तुटली.

गावितला बाजूला उडी मारता आली असती, जागा होती. त्यानं एकदा खाली विहिरीकडे पाहिलं आणि ठोकळा डोंगराच्या बाजूच्या चाकाखाली टाकला. ते चाक अडलं, दुसरं फिरलं, आणि ट्रेलरचं ढुंगण वळून डोंगरावर आदळलं. तिथंच थांबला. गावित मधे होता.

गाडीतल्या वायरलेस सेटवर कॅम्पचा आवाज आला. "पाणी गाडी, लोकेशन? ओव्हर."

"शेवटचा चढ. ट्रेलर सुटला. एक माणूस जखमी. अॅम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"गावित."

मी सेट खाली टाकला आणि मागं धावलो.

त्या बाया धावत वर आल्या. त्यांनी, मी, सगळ्यांनी मिळून ट्रेलर ढकलला. गावित शुद्धीवर होता. म्हणाला, "खाली बाया व्हत्या."

मी म्हणालो, "या काय, इथंच हायेत. पाचही."

त्यानं मान हलवली. अॅम्ब्युलन्स आठ पंचवीसला आली. तोवर तो गेला होता.

हुक रस्त्यावर पडला होता. नटाचे आटे साफ गेलेले. गोणपाटाचा तुकडा दांड्याला चिकटलेला. चौकशीत तो टेबलावर ठेवला. विचारलं, हे कुणी केलं? मी म्हणालो, मी. नायकाची फीत गेली. बरोबरच झालं.

गावितच्या घरी कळवलं ते अपघात म्हणून. मी गेलो नाही. दोन वर्षांनी पेन्शनला आलो, ट्रॅक्टर चालवायला लागलो. ट्रॉली जोडली की माझी बायको इंदू दारातून ओरडायची, "आवाज येस का?" ती सटाण्याकडची, बोली कधी सोडली नाही. तिला सगळं माहीत होतं. दहा वर्षं ती एकच बोलत होती, त्या बाईला जाऊन सांगा. शेवटी २००१ साली पिशवी भरून एस.टी.त जाऊन बसली. "तुम्ही येतस का मी एकली जाऊ?" मी गेलो.

गावितची बायको सोनीबाई. तिनं नागलीची भाकरी टाकली. मी जेवलो, हात धुतले, पाऊस-पाण्याचं बोललो. इंदूनं मला कोपर मारलं. "सांगा."

मी सांगितलं. गोणपाट, रंग, तीन आठवडे. 'काढशील ना' तेही सांगितलं.

सोनीबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग उठली. मला वाटलं आता हाकलते. म्हणाली, "माझ्या दिराची ट्रॉली हाय मागं. पोरं बसून जातात तिच्यात. तिचा हुक बघ."

मी खाली झोपलो. पहार घालून उचललं, बोटभर ढील. आणि फटीत टायरचं रबर ठासलेलं. मी बाहेर आलो. रबर सोनीबाईच्या हातात दिलं. तिनं ते पाहिलं, आणि दिराला हाक मारून सगळ्यांसमोर असं झापलं की तो गोठ्यात जाऊन बसला.

मी ट्रॉली उभी ठेवायला सांगितली. बुश काढून नाशिकला आणलं, पंचवटीजवळ लेथवर नवीन करून घेतलं, चौथ्या दिवशी जाऊन बसवलं. नवीन नट घातला. रंग लावला नाही.

तेव्हापासून दर एप्रिलात आम्ही दोघं जायचो. ट्रॉल्या बदलल्या, जाणं नाही. मी खाली झोपायचो, इंदू वर उभी राहून विचारायची, "आवाज येस का?"

या पौषात इंदू गेली. ताप आला, चार दिवसांत संपलं. एप्रिलात एकटा गेलो. सोनीबाईला निरोप गेला होता. मी पहार घेऊन ट्रॉलीखाली शिरलो. वर कुणी नव्हतं. मी तसाच पडून राहिलो. मग सोनीबाईची पावलं दिसली.

"आवाज येतो का?"

मी पहार घालून हुक उचलून पाहिला. "नाही."

"हात लावून पाहिलंस?"

मी बाहेर येऊन पंजा हुकावर ठेवला. तिच्या पोरानं ट्रॅक्टर थोडा पुढं घेतला, थोडा मागं.

"पाहिलं. ढील नाही."

लान्स नायक सखाराम गावित. हुकाची ढील त्याला हाताला लागली होती, आणि त्यानं मला सांगितलं होतं.